डिमेन्शियाची औषधं: गोळी, पॅच, टॉनिक आणि सोयाबीनची पोटली

आधीच सांगून टाकते: यातलं एकही औषध गेलेली आठवण परत आणत नाही. ‘आमचे वडील पहिल्यासारखे होतील का?’ एवढ्याच प्रश्नासाठी हे वाचायला घेतलं असेल, तर उत्तर नाही असंच आहे. जो कुणी हो म्हणतो, मग तो डॉक्टर असो, दुकानदार असो की अंगारा देणारा, त्याच्यासमोरून उठून यावं. पण ‘वय झालं, आता काय करायचं’ हेही खरं नाही. करण्यासारखं बरंच आहे. फक्त कशावर किती पैसा आणि किती जीव घालायचा, हे नीट सांगणारं कुणी भेटत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

पेशंट म्हणजे माझे सासरे. आम्ही आबा म्हणतो. वय ऐंशीच्या घरात. लातूरच्या मार्केट यार्डात एका आडतीवर जन्मभर मुनीम होते. रोजकीर्द, खतावणी, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, सगळं हातानं लिहिलेलं, आणि अक्षर असं की आजही शाळेत फळ्यावर लावावं. माळकरी आहेत. साखर जुनी, बीपी आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. सासूबाई नाहीत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, ह्यांची नोकरी फिरतीची. त्यामुळे गोळ्यांचा डबा, फाईल आणि डॉक्टरांसमोरची खुर्ची माझ्याकडं आली. डॉक्टरांनी निदान केलंय मिश्र प्रकारचं, म्हणजे अल्झायमर आणि त्याच्या जोडीला मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचा दोष. भारतात साठीच्या पुढच्या १०० माणसांत ७ हून जास्त जणांना कुठला ना कुठला डिमेन्शिया आहे, असं २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी पाहणीत दिसलं. एकूण आकडा ८८ लाखांच्या आसपास. आमच्या गल्लीतच मोजायला बसलं तर दुसऱ्या हाताची बोटं लागतील, पण कुणी बोलत नाही. ‘म्हातारा भ्रमलाय’ म्हणायचं आणि दार ओढून घ्यायचं.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो एकही नवीन गोळी सुरू व्हायच्या आधी, आणि जवळजवळ फुकटात. न्यूरोलॉजिस्टनी पहिल्या भेटीत काही लिहूनच दिलं नाही. म्हणाले, ‘घरात जेवढ्या गोळ्या आहेत तेवढ्या एका पिशवीत घालून आणा. ट्यूबा, थेंब, चूर्णं, सगळं.’ मी किराण्याची पिशवी भरून नेली आणि त्यांनी ती सरळ टेबलावर उलटी केली. साखरेची मेटफॉर्मिन, ॲसिडिटीची पँटोप्राझोल, बीपीच्या दोन, लघवी सारखी लागते म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरांनी दिलेली ऑक्सिब्युटिनिन. आणि एक सर्दीची पिवळी गोळी. ती आबा रोज रात्री आपल्या मनानं घेत होते, ‘झोप बरी लागती’ म्हणून.

डॉक्टरांनी सर्दीची आणि लघवीची गोळी दोन बोटांनी बाजूला सरकवली. आठवणीच्या कामाला मेंदूत ॲसिटिलकोलिन नावाचं एक रसायन लागतं. अल्झायमरमध्ये ते कमी पडतं. डिमेन्शियाची नेहमीची गोळी ते टिकवून धरायचं काम करते आणि या दोन गोळ्या त्याच रसायनाचं काम अडवतात. एकीकडं नळ सोडायचा आणि दुसरीकडून तोटी आवळायची, असला प्रकार. सर्दीची गोळी बंद केली, लघवीची बदलून दुसऱ्या जातीची दिली. मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची गोळी, दोन्ही वर्षानुवर्षं घेतल्या की शरीरातलं बी-१२ उतरतं. त्यात जन्माचे शाकाहारी. तपासलं तर कमीच निघालं. मग इंजेक्शनं. थायरॉइड बघितलं, सोडियम बघितलं, डोक्याचा स्कॅन झाला. म्हातारपणी साधंसं पडलं तरी कवटीच्या आत हळूहळू रक्त साचतं आणि माणूस डिमेन्शियासारखा वागायला लागतो, ते आधी बघावं लागतं. आबांचं तसं काही नव्हतं.

आठवण आली का? नाही. पण दिवसाचं पेंगणं गेलं, जेवताना तोंडात घास धरून बसणं गेलं, संडास कुठं आहे ते परत कळायला लागलं. ज्या घरात असं माणूस आहे त्यांना संडास कळण्याची किंमत सांगायला नको. मला कुणी एकच शिफारस मागितली तर मी ही पिशवी सांगेन.

आता मोजमापाबद्दल थोडं, कारण औषध लागू पडलं की नाही हे ठरवायचं कशावर, इथंच सगळ्यांची गाडी अडते. दवाखान्यात तीस गुणांची एक चाचणी घेतात. त्यात शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगतात, त्याचे पाच गुण. आबा सुटलेच: ‘त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट.’ डॉक्टर ‘बास’ म्हणाले तरी पुढं अठ्ठावन्न, एक्कावन्न चालूच. पाचपैकी पाच. त्या आधी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते, ते विचारले तर म्हणाले, ‘कुठले शब्द? तुमी कवा सांगितलाव?’ वर माझ्याकडं बघून, ‘बाई, ह्यांचं काहीतरी चुकायलंय.’ आणि आमच्या शेजारच्या काकू, ज्या कधी शाळेत गेल्या नाहीत पण सगळ्या गल्लीचे भिशीचे हिशोब तोंडावर ठेवतात, त्यांना हा वजाबाकीचा प्रश्न टाकला तर शून्य मिळेल. म्हणून हरियाणातल्या बल्लभगडला नव्वदच्या दशकात न शिकलेल्या लोकांसाठी या चाचणीचं हिंदी रूप तयार केलं. त्यात वजाबाकीच्या जागी आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावतात. तुमची आई शिकलेली नसेल तर डॉक्टरांना आधी सांगा. नाहीतर गुण शाळेचे कापले जातात आणि नाव आजाराचं होतं.

मी माझ्यापुरती एक वेगळी फूटपट्टी केली. एका वहीत कामं लिहिली: धोतर नेसणं, अंघोळीचं पाणी गरम-गार बघून घेणं, बुक्का लावणं, चहा घेऊन कप मोरीत ठेवणं, संडासची कडी आतून काढता येणं, रात्री न ओरडता झोपणं. कुठलं काम कुणाच्या मदतीशिवाय होतंय, एवढंच लिहायचं. खाली जे काही बरं-वाईट म्हणते ते या वहीवरून.

डोनेपेझिल. ही सगळ्यांना पहिली मिळते. अमेरिकेत १९९६ मध्ये मंजूर झाली. त्याच्या आधी १९९३ मध्ये टॅक्रिन आलं होतं, पण ते लिव्हरवर जायचं म्हणून मागं पडलं. सुरुवात रात्री पाच मिलिग्रॅम, चार-सहा आठवड्यांनी दहा. पहिले काही दिवस मळमळ, जुलाब होतात. आबांनी ज्वारीची भाकरी सोडून फक्त पेज मागितली. ते ओसरलं. मग स्वप्नं सुरू झाली. रात्री दोन वाजता उठून बसायचे आणि खड्या आवाजात, ‘ए, ती गाडी मागं घे! पोती भिजायलीत!’ सगळी गल्ली जागी. मला वाटलं आजार वाढला. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, गोळी सकाळी द्या. सकाळी दिली आणि यार्डातल्या गाड्या बंद झाल्या. एवढी साधी गोष्ट पाकिटावर मोठ्या अक्षरात छापायला काय होतं, कुणास ठाऊक. दुसरी सांगायची गोष्ट नाडीची. या गोळीनं ठोके मंदावतात, चक्कर येऊन माणूस पडू शकतो. सुरू करायच्या आधी ईसीजी काढून घ्या, आणि बीपीसाठी ठोके कमी करणारी गोळी चालू असेल तर मुद्दाम विचारा. अमेरिकेत २०१० मध्ये तेवीस मिलिग्रॅमचीही गोळी आली. तिच्यानं फायदा नावापुरता आणि उलट्या जास्त, त्यामुळं ‘जास्त पॉवरची द्या’ म्हणून डॉक्टरांच्या मागं लागू नका.

उपयोग किती? संशोधनात सत्तर गुणांची एक मोठी चाचणी वापरतात. सहा महिन्यांनी गोळी घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा तिच्यात अडीच-पावणेतीन गुणांनी बरे असतात. दवाखान्यातल्या तीस गुणांत साधारण एक. उतार थांबत नाही. उतरणं चालूच राहतं, फक्त थोडं उशिरा. ब्रिटनमध्ये सरकारी पैशानं झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल २००४ मध्ये आले. त्यात तर गोळी घेऊनही माणसाला वृद्धाश्रमात ठेवायची वेळ काही पुढं गेली नाही. हे वाचून मी गोळी बंद करायच्या विचारात होते. मग २०१२ ची दुसरी चाचणी वाचली, तीही ब्रिटनमधलीच. आधीपासून गोळी चालू असलेले, आजार बराच पुढं गेलेले २९५ जण घेतले. काहींची गोळी चालू ठेवली, काहींची बंद केली. वर्षभरात चालू ठेवलेले त्या तीस गुणांच्या चाचणीत सरासरी १.९ गुणांनी वर राहिले. एकदा सुरू झालेली गोळी आपल्या मनानं तोडायची नाही, एवढं त्यातून मला कळलं.

आमच्या वहीत डोनेपेझिलच्या नावावर कपडे आणि चहाचा कप आहे, आठवण नाही. माझं मत: घ्यावी. जनऔषधी केंद्रात विचारा. आम्हाला तिथं मिळाली आणि कंपनीच्या पाकिटाच्या मानानं खूप स्वस्त पडली.

पॅच. रिव्हास्टिग्मिन हे त्याच जातीचं औषध. कॅप्सूल म्हणून आलं, पण पोटाला फार त्रास द्यायचं, म्हणून २००७ मध्ये कातडीवर चिकटवायचा पॅच काढला. चाचणीत कॅप्सूलइतकाच फायदा आणि मळमळ-उलटीचं प्रमाण तिसऱ्या हिश्शावर. हा अनुभव माझा नाही, परभणीच्या नणंदबाईंचा. त्यांच्या सासऱ्यांना पार्किन्सन आणि त्यातूनच आलेला डिमेन्शिया. त्या प्रकारात डॉक्टर बहुधा हेच औषध काढतात. गोळी थुंकून टाकणाऱ्या माणसाला हे वरदान आहे, यात वाद नाही. पण परभणीचा मे महिना! बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत पाठीला घाम फुटला की पॅचचा कोपरा उचलतो आणि बनियनला चिकटून येतो. नणंदबाईंनी आता अंघोळ संध्याकाळची केली आहे. पाठ टॉवेलनं नुसती टिपून, पंख्याखाली पूर्ण सुकवून, तेल-पावडर काही न लावता पॅच लावायचा आणि तळहातानं अर्धा मिनिट दाबून धरायचा. जागा रोज बदलायची. त्याच जागी परत चौदा दिवस लावायचा नाही, नाहीतर कातडी लाल होऊन सोलते.

आणि जुना पॅच काढायचा. हे लिहायला बावळटपणाचं वाटतं, पण घरात तीन माणसं आळीपाळीनं करतात तेव्हा होतं ते. एकदा त्यांना सकाळपासून उलट्या, अंगात त्राण नाही. शर्ट काढून बघितलं तर पाठीवर दोन पॅच. डॉक्टर म्हणाले, हे औषध जास्त झालं तर जिवावर बेतू शकतं. तेव्हापासून बॉलपेननं पॅचवर तारीख लिहूनच लावतात, आणि काढलेला दुमडून चिकटवून झाकणाच्या डब्यात टाकतात, लेकरांच्या हाताला लागू नये म्हणून. किंमत? आमच्या महिन्याच्या गोळ्यांच्या कितीतरी पट. गोळी गिळणाऱ्या माणसाला मी तरी पॅच घेणार नाही.

मेमँटिन. वेगळ्या जातीचं. मेंदूत ग्लुटामेट नावाच्या रसायनाचा मारा जास्त होतो, तो थोपवतं. आजार मधल्या टप्प्यात गेल्यावर द्यायचं. अगदी सुरुवातीच्या माणसाला फायदा दिसत नाही, त्यामुळं नुसती नावं विसरणाऱ्याला कुणी दिलं तर कारण विचारा. आठवड्याला पाच-पाच मिलिग्रॅम वाढवत वीसवर नेतात, किडनी कमजोर असेल तर कमी. पोट धरतं. आबांना रोज रात्री इसबगोल लागायला लागलं. मघाच्याच २०१२ च्या चाचणीत मेमँटिनचा फायदा १.२ गुणांचा, म्हणजे डोनेपेझिल चालू ठेवण्याहून कमी, आणि दोन्ही एकत्र दिल्यावर एकट्या डोनेपेझिलपेक्षा ठळक जास्त काही मिळालं नाही. आम्ही तरी दोन्ही देतो. कारण माझ्या वहीत मेमँटिन आल्यानंतर संध्याकाळची चिडचिड वाढायची थांबली. योगायोग असेल. तो तपासायला औषध बंद करून बघायची माझी छाती नाही.

आता टॉनिकांकडं येते, आणि इथं माझा आवाज जरा चढणार आहे. पायरासिटाम, सिटिकोलिन आणि त्यांची मिश्रणं ‘मेंदूची ताकद’ म्हणून सर्रास लिहिली जातात. डिमेन्शियात त्यानं फरक पडतो असं छातीठोक म्हणावं असा पुरावा पायरासिटामच्या मागं नाही, आणि सिटिकोलिनचा दुबळा आहे. एका खासगी दवाखान्यात (नाव लिहीत नाही) आम्हाला रोज एक असा इंजेक्शनांचा कोर्स सांगितला, ‘महाग आहे पण करून टाका, नंतर हळहळ नको’ या भाषेत. नंतर हळहळ नको! हे वाक्य ऐकलं की घरातला कर्ता माणूस सोनं मोडतो. मी घरी येऊन औषधाची माहिती वाचली. ते सेरेब्रोलायसिन होतं. डुकराच्या मेंदूतल्या प्रथिनांपासून करतात. गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या, आयुष्यात अंडं न खाल्लेल्या माणसाच्या शिरेत ते द्यायचं आणि कुणी एका शब्दानं सांगायचं नाही? बरं, धर्म बाजूला ठेवू. फायद्याचा पुरावा तरी भक्कम असावा, तर तोही कच्चा आहे. आम्ही घेतलं नाही.

झाडपाल्याचं म्हणाल तर मला त्याचा तिटकारा नाही. डोनेपेझिलच्याच जातीतलं गॅलँटामिन मुळात स्नोड्रॉप नावाच्या फुलझाडाच्या कंदातून मिळालं. २००१ मध्ये ते गोळी म्हणून मंजूर झालं, कारण त्याचं मोजमाप झालं. जिंकोचंही मोजमाप झालं. अमेरिकेत ७५ च्या पुढच्या ३,०६९ लोकांना वर्षानुवर्षं जिंको किंवा नुसती खोटी गोळी दिली. २००८ मध्ये निकाल आला: डिमेन्शिया टळला नाही. शिवाय रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर जिंकोनं रक्तस्रावाची भीती वाढते, म्हणून आमच्यासाठी ते बादच. ब्राह्मीवर छोटे-छोटे प्रयोग आहेत, बरेचसे धडधाकट माणसांवरचे. डिमेन्शिया झालेल्या माणसाबद्दल त्यातून काही सांगता येत नाही. आबांच्या डोक्याला ब्राह्मीचं तेल मी लावते, ते त्यांना आवडतं म्हणून. बदाम, अक्रोड, खोबरेल तेल चमच्यानं पाजणं, हे सगळं लोकांनी सांगून झालंय. बदाम खावेत, छान लागतात.

पुतण्या अमेरिकेत आहे. त्याचं म्हणणं, ‘काकू, तिकडं नवीन इंजेक्शन आलंय, आजार मुळापासून धरतं.’ लेकानेमॅब. मेंदूत साचणारं अमायलॉइड नावाचं प्रथिन धुऊन काढतं, हे खरं आहे. पण आकडे बघा. १,७९५ लोक, अठरा महिने, दर दोन आठवड्यांनी सलाईनमधून. घसरण २७ टक्क्यांनी मंदावली असं छापून आलं. तीच गोष्ट गुणांत सांगायची तर अठरा गुणांच्या मापावर ०.४५ चा फरक. तो घरात दिसेल का? आठांत एकाच्या मेंदूला स्कॅनवर सूज दिसली, काहींना बारीक रक्तस्राव झाला, म्हणून सारखे एमआरआय. आणि हे फक्त अगदी सुरुवातीच्या टप्प्यातल्या, अमायलॉइड आहे हे तपासून सिद्ध झालेल्या माणसाला. ब्रिटनमध्ये २०२४ मध्ये औषधाला परवानगी मिळाली, पण तिथल्या सरकारी सेवेत कुठलं औषध द्यायचं हे ठरवणाऱ्या संस्थेनं त्याच दिवशी कच्च्या शिफारशीत सांगितलं की फायद्याच्या मानानं खर्च पटत नाही. आबांचा टप्पा पुढं गेलाय, वर रक्त पातळ करायची गोळी. पुतण्याला मी आभार कळवले.

चालण्याबद्दल एक वाक्य: आबांना रोज गल्लीच्या टोकापर्यंत नेतो, झोप चांगली लागते. पण व्यायामानं डिमेन्शियाची घसरण थांबते असं समजू नका. २०१८ मध्ये ब्रिटनच्या ४९४ पेशंटांवरच्या चाचणीत दमसास वाढला आणि डोकं काही सुधारलं नाही.

आता ज्याला गोळी लागत नाही ते. लंडनमध्ये २००३ मध्ये २०१ लोकांवर एक प्रयोग झाला. छोट्या गटात बसवायचं, पाऊण तास, आठवड्यातून दोनदा, एकूण चौदा बैठका. खाणं, पैसे, जुने दिवस, ताज्या बातम्या, शब्दांचे खेळ, असे विषय. ‘आज वार कोणता?’ अशी तोंडी परीक्षा घ्यायची नाही, मत विचारायचं. त्यातून चाचणीतले गुण सुधारले ते औषधांच्या तोडीचे. चेन्नईत स्कार्फ या संस्थेनं ही पद्धत आपल्याकडच्या लोकांसाठी बेतून घेतली आहे. लातुरात मला असा गट सापडला नाही, म्हणून घरीच सुरू केलं.

पहिल्यांदा शाळेतली चित्रांची कार्डं आणली. आबांनी ती पत्त्यासारखी पिसून परत दिली. मग भाचा, तो यार्डातच असतो, सोयाबीनच्या नमुन्याच्या पोटल्या घेऊन आला. आबांनी गाठ सोडली, दाणे ओंजळीत घेतले, वर फुंकर मारली, कचरा किती उडतो ते बघितलं. एक दाणा उचलून दाढेखाली धरला आणि डोळे बारीक केले. ‘ओल हाय. बाराच्या वर हाय. तेरा-चौदा म्हन. कडता लागतोय बघ.’ कडता म्हणजे वजनातली कपात. भाच्यानं निघताना मशीनवर लावून बघितलं होतं, तेराच्या पुढं काहीतरी आलं होतं. तासाभरापूर्वी भाकरी खाल्ली का, हे त्यांना सांगता येत नव्हतं. हमीभावाच्या खरेदीला १२ टक्के ओलाव्याची अट असायची, ती २०२४ मध्ये सरकारनं १५ वर नेली, असं भाचा सांगत बसला. आबा म्हणाले, ‘सरकार काय बी म्हणंल. माल भिजका त्यो भिजकाच.’

आता घरात तूर, हरभरा, मूग एकत्र करून सुपात देते, ते निवडून वेगळे करतात. जुन्या वहीतलं एक पान समोर ठेवलं की उभी बेरीज बोट खाली सरकवत करतात आणि बहुतेक वेळा बरोबर येते. वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्याकडच्या शेतातल्या सणाला, शेतात नेलं होतं. पांडवांची कडब्याची कोप कशी बांधायची, आंबील कुठं शिंपडायची, सगळं तेच सांगत होते आणि भज्जीत चुक्याची भाजी कमी पडली म्हणून जावेला बोलणी बसली. जुन्या आठवणी सगळ्याच गोड नसतात, हेही ध्यानात ठेवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आबांचे मामा सास्तुरला होते. किल्लारीच्या भूकंपाचा विषय निघाला की त्या रात्री ते झोपत नाहीत, दारात उभे राहतात. तो विषय आम्ही काढत नाही आणि पाहुण्यांनाही आधीच सांगतो.

यानं गुण वाढले का? डॉक्टरांच्या चाचणीत नाही. आणि ते धरूनच चालायला हवं होतं. लंडनच्याच लोकांनी नंतर हीच पद्धत घरच्या माणसांच्या हातात देऊन बघितली, ३५६ जोड्या, २०१७ मध्ये निकाल. घरात एकट्यानं केल्यावर स्मरणशक्तीत फरक पडला नाही. फरक पडला तो पेशंट आणि सांभाळणारा यांच्या नात्यात. हे वाचलं तेव्हा मी वहीची पानं मागं उलटली. ‘मला मारते’ असं आबा माझ्याबद्दल शेजारी सांगायचे, ते पोटल्या आल्यापासून लिहिलेलं सापडत नाही. आता मला ‘नवीन दिवाणजी’ म्हणतात. सून आहे हे रोज कळत नाही, पण दिवाणजीच्या हातची गोळी घेतात.

गटाचा फायदा गटातच मिळतो असं दिसतंय, म्हणून संध्याकाळी विठ्ठलाच्या देवळात हरिपाठाला सोडते. तिथं आणखी तीन-चार म्हातारे आहेत, त्यातल्या दोघांची आठवण आबांसारखीच. ओळ कुणाची चुकली हे कुणी धरत नाही. पुजारीकाकांना गोष्टी सांगून ठेवल्या आहेत: एकटं निघू द्यायचं नाही, आणि खिशातल्या चिठ्ठीवर माझा नंबर आहे.

रात्रीच्या आरडाओरड्यासाठी झोपेची किंवा ‘डोकं शांत’ करायची गोळी कुणी सहज लिहून देत असेल, तर हात आखडता घ्या. मानसिक आजाराची काही औषधं डिमेन्शियाच्या म्हाताऱ्यांना दिली की मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ मध्येच दिला आहे. कधीकधी द्यावी लागतात, पण किती दिवस आणि कशासाठी हे विचारून घ्या. आधी लघवीला जळजळ, बद्धकोष्ठ, दुखणारा दात बघा. आमच्याकडं एकदा सगळा तमाशा कवळीच्या जखमेचा निघाला. सांभाळणाऱ्याला कुणाशी बोलायचं असेल तर ज्येष्ठांची हेल्पलाईन १४५६७ आहे आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६.

सध्या डोनेपेझिल दहा, मेमँटिन वीस, बी-१२ चालू, आणि धान्य निवडायचं ते सूप. पुढच्या तपासणीला डॉक्टर विचारणार आहेत की वजन उतरतंय, तर डोनेपेझिल हळूहळू काढून बघायचं का. भूक मारायचा तिचा गुण आहे, त्यामुळं प्रश्न रास्त आहे. नणंदबाई म्हणतात काढू नका. ह्यांचं मत, डॉक्टर म्हणतील तसं. मी वही घेऊन जाणार आहे. काढलीच तर चहाचा कप आणि धोतर किती दिवस टिकतात ते बघायचं, आणि घसरलं तर परत कधी सुरू करणार हे त्यांच्याकडून आधीच लिहून घ्यायचं.